पाचवी ‘ब’ची हजेरी

कोल्हापूर,
रविवार, २८ जुलै २००२

चि. अवंतिका हिस,

आशीर्वाद नंतर. आधी तक्रार ऐकून घे. ती गंभीर आहे आणि दुपारची झोप पूर्ण झाल्यावर, शांत डोक्याने, मी ती करतो आहे.

पाचवी ‘ब’मधला एक विद्यार्थी माझा खडू चाटतो. पांढऱ्याला तो शिवत नाही. पिवळा टेबलावर दिसला की उठतो, चाटतो, आणि होता त्याच जागी, होता तसाच तिरपा ठेवून परत जाऊन बसतो. ओला खडू लिहिताना उमटत नाही, हे इतकी वर्षं शिकवून मला माहीत नव्हतं. सोमवारी मी फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहिलं, वळलो, तर वर्ग गालात हसतोय आणि फळा कोरा. मी पुढच्या मुद्द्याकडे गेलो. थोड्या वेळाने ते वाक्य वाळून आपोआप फळ्यावर प्रकट झालं, तेव्हा मी भलतंच काही बोलत होतो. ऋषींना मंत्र असेच दिसत असावेत.

हा विद्यार्थी, सोमेश, तूच मला मागे ठेवून दिलास. तू राजीनामा देऊन राधानगरीला भावाच्या दूध केंद्रावर निघून गेलीस आणि तुझा वर्ग कुणी घ्यायचा, हा प्रश्न हेडसरांनी चहा निवायच्या आत सोडवला. यंदा आठवीला संस्कृत घेणारी मुलं एका बाकावर मावतात. “अप्पासर, तुमच्याकडं टाईम हाय की,” एवढंच ते म्हणाले. ज्या माणसाने तुला आठवीत धातूंची रूपं घोकायला लावली, तो आता तुझ्या खुर्चीत बसून मराठी, इतिहास आणि कार्यानुभव शिकवतो. कार्यानुभवात आम्ही कागदाची टोपी केली. माझी उलगडली.

त्या शुक्रवारी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या तासाला सोमेश ओरडायला लागला. तू त्याचे हात धरलेस. तो तुझ्या मनगटाला चावला. तू त्याच्या थोबाडीत दिलीस. त्याविषयी मला काही विचारायचं नाही. मला त्याच्या आधीचं हवं आहे. धूर दिसला की शेजारी “आग, आग” म्हणून धावतात. माझ्यासारखा न्यायशास्त्र शिकलेला रिकामटेकडा मात्र विचारत बसतो की लाकूड ओलं होतं का. तो ओरडला त्याच्या अगदी आधी वर्गात काय चाललं होतं? कोण बोलत होतं? खिडकी उघडी होती का?

विचारायचं कारण असं की हेडसरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. इतर पालक येऊन गेले, आवाज चढवून गेले. तो पुन्हा कुणाला चावला तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या आईच्या हातात जाईल. त्याची आई, शिवलीला, शहरातली अशा मुलांची एक खास शाळा बघून आली. तिथे मुलांना अजून रंग ओळखायला शिकवतात, आणि हा गडहिंग्लज ते नेसरी एसटीचं वेळापत्रक जेवताना म्हणतो. म्हणजे तिथेही तो बसत नाही आणि इथूनही उठवतील.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना ऑटिझम हा शब्द दिला आहे. मराठीत त्याला स्वमग्न म्हणायचं ठरलंय म्हणे. ‘मग्न’ मला पटलं. ‘स्व’ कुठून काढला ते कळत नाही. आठवडाभर मी त्याला बघतो आहे; तो पंख्यात मग्न असतो, बिजागरीत असतो, माझ्या खडूत असतो. स्वतःत मग्न असलेले लोक मी शिक्षकांच्या खोलीत रोज पाहतो, ते वेगळे दिसतात.

उत्तर दे. न चावणाऱ्या दुधाच्या संगतीत तुला वेळ असणारच.

अप्पासर


कोल्हापूर,
बुधवार, ७ ऑगस्ट २००२

चि. अवंतिका,

तुझं कार्ड मिळालं. राधानगरीच्या पावसाने त्यातलं निम्मं वाचून टाकलं होतं. उरलेल्या निम्म्यात तू लिहितेस, “मला काही विचारू नका,” आणि त्याच्याच खाली, “रस्त्यावर पी-ढबाक वाजत होतं.” तुझ्या नकाराबद्दल आभार.

मी त्या एका ओळीवर अख्खा सिद्धान्त बांधला. आषाढात दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुठली ना कुठली गल्ली पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाई देवीला निघते आणि पुढे पी-ढबाक वाजत असतं. यातला ‘पी’ सनईचा आणि ‘ढबाक’ ढोलाचा. आपल्याला जन्मापासून सवय, म्हणून कानाला लागत नाही. सोमेशला लागत असणार. इथल्या मुलांना विचारलं, तर तो बहुतेक मंगळवारीच नाहीतर शुक्रवारीच बिघडतो असं निघालं. मी हेडसरांपुढे हे मांडलं आणि ते भारावून गेले. मला ते आवडलं.

मग आम्ही दोघे शाळेमागच्या तालमीत गेलो. या मंगळवारी पाणी त्यांच्या गल्लीचं होतं. अंगाला तांबडी माती लागलेले त्यांचे वस्ताद समोर येऊन बसले.

हेडसर म्हणाले, “शाळेपुरतं बंद ठेवा. ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापर्यंत.”

“देवीचं पाणी हाय, सर. मुक्यानं न्यायचं व्हय?”

“एक पोरगं हाय. त्येला आवाज सोसत न्हाय.”

“कुणाचं?”

हेडसरांनी सांगितलं. वस्ताद माझ्याकडे वळले. “ते गुळाच्या अडतवाल्यांचं? ते तर आमच्याच बोळात ऱ्हातंय की. हितं ढोल तापवाय घेतला की पयला ते येऊन बसतंय.”

मी म्हणालो, “घरी वेगळं, वर्गात वेगळं.” वस्तादांनी मान डोलावली, पण मला समजून घेतल्यासारखी, पटल्यासारखी नाही. “बरं. गुर्जी म्हणत्यात तर तसं.”

काल पाणी निघालं. कोपऱ्यावर वाजप थांबलं. डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, मागे ढोलवाले, टिपऱ्या हातात धरून, सगळे चोरपावलांनी शाळेपुढून चाललेले. हेडसर फाटकात हात जोडून उभे. आणि आमचे चिरंजीव खिडकीच्या गजाला नाक लावून, मंगळवार आहे हे त्यांना पक्कं माहीत. ढोल समोर आला. वाजेना. त्याने वाट पाहिली. ढोल पुढे सरकला, वाजेना. तेव्हा त्याने जो टाहो फोडला त्याने कलशातलं पाणी हिंदकळलं. घाबरून एका ढोलवाल्याची टिपरी ढोलावर पडली, आणि सोमेश गप्प. दुसरी पडली, तो हसला. पुढे त्या लोकांनी शाळेसमोर उभं राहून चांगलं दणकावून वाजवलं आणि हा गजावर ठेका धरून होता, एकही चूक न करता. हेडसरांचे हात जोडलेलेच राहिले, फक्त कुणाला जोडले होते ते बदललं.

तेव्हा माझा सिद्धान्त पंचगंगेला मिळाला. पण एक गोष्ट राहतेच, आणि तीच मला झोपू देत नाही. काल सकाळी, पाणी नदीवरून निघायच्याही आधी, पहिल्या तासाला तो ओरडला होता. कंपासपेटी भिरकावली, ती सुष्मिताच्या वेणीला चाटून गेली. ही त्याच्या शेजारी बसणारी पोरगी. रडली नाही, पेटीतलं सामान गोळा करून दिलं आणि म्हणाली, “कर्कटक बाहेर पडलं न्हाय, बरं झालं.” म्हणजे मंगळवार-शुक्रवार खरे, ढोल खोटा. मग त्या दिवसांत आणखी काय असतं?

आणि एक. त्याला वर्गाबाहेर उभं करायची तुझी शिक्षा मी चालू ठेवली होती. बाहेर गेला की तो पिराजीच्या घंटेखाली जाऊन बसतो, लोखंडाला गाल लावतो. शिक्षा संपली म्हणून आत बोलावलं की येत नाही. पिराजी म्हणाला, “सर, त्येला हितं ग्वाड वाटतंय. शिक्षा आत हाय, तुमच्याकडं.” आपला शिपाई बिनपगारी टीकाकार आहे. शिक्षा मी बंद केली.

काही आठवलं तर कळव. नाही आठवलं तर तेही कळव.

अप्पासर


कोल्हापूर,
रविवार, १ सप्टेंबर २००२

चि. अवंतिका,

सापडलं.

श्रावण लागला आणि तो जरा निवळला. हेडसर म्हणाले, देवीला पाणी पोचलं. मीही मान्य केलं, कारण माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं. अधूनमधून ओरडायचाच, आणि नेहमी पहिल्या तासाला.

मग एका सकाळी माझ्या स्कूटरने ताराराणी पुतळ्यापाशी असहकार पुकारला. मी शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास दुसऱ्या कुणीतरी ढकलला होता. हजेरी राहिली होती, ती मी मधल्या सुट्टीनंतर घेतली. सकाळभर सोमेश शांत होता असं मुलांनी सांगितलं. आणि सुट्टीनंतर, हजेरीच्या मध्यावर, ओरडला. अवंतिका, ओरडण्याने पहिल्यांदाच आपली वेळ बदलली. बरोबर काय हललं होतं? फक्त हजेरी.

आता तू म्हणशील, हजेरी तर रोज असते. अगदी बरोबर. एक असलं की दुसरं असतं, एवढ्याने भागत नाही. एक नसलं की दुसरंही नसतं हेही दिसायला हवं. चाचणी परीक्षेच्या दिवशी वर्ग भरगच्च होता. हजेरी झाली, तो हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात न बघता त्याच्याकडे बघत नंबर पुकारले. अकरा, हजर. बारा, हजर. तेरा, हजर. चौदा. चौदा नव्हता आला. कुणी बोललं नाही. आणि त्या क्षणी त्याचे दोन्ही हात कानांवर गेले. ऐकण्यासारखं काही नव्हतं, नेमकं तेव्हाच त्याने कान झाकले.

त्याला आवाज सोसत नाही असं आपण सगळे म्हणत होतो. त्याला सोसत नाही तो हाक मारल्यावर न आलेला आवाज. चौदा म्हटलं, चौदा नाही. मग चौदा कुठे आहे? आपल्याला माहीत नसतं आणि फरकही पडत नाही, आपण पंधरावर जातो. तो चौदापाशीच उभा राहतो. न्यायशास्त्राच्या माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्याला हे इतकं तर्कशुद्ध वाटलं की मी दोन मिनिटं हजेरी विसरलो.

आषाढातले मंगळवार-शुक्रवार आता उलगडले असतील. ज्या गल्लीचं पाणी, त्या गल्लीची पोरं गैरहजर. ढोल आणि रिकामे बाक एकाच गल्लीतून येत होते आणि आम्ही ढोलाला पकडलं.

आणि तुझा शुक्रवार. मागच्या बाकावर बसून मी तुझा तास एकदा ऐकला आहे. न आलेल्या मुलाचा नंबर तू दोनदा, तीनदा घेतेस, मध्ये थांबतेस, न जाणो दारात असेल म्हणून. मला ते तेव्हाही आवडलं होतं. त्या शुक्रवारी एका गल्लीतलं एकही पोर नव्हतं. तो काय ऐकत होता, हे आता तूच समज. तू काही वाईट करत नव्हतीस, एवढंच मी सांगतो. पुढचं तुला माहीत आहे आणि त्यावर मी बोलणार नाही असं म्हटलं होतं, ते पाळतो.

शोध लागल्यावर शहाणपण सुचतंच असं नाही. मी विचार केला, पोकळीच भरायची ना? शुक्रवारी चौदा पुन्हा आला नव्हता. मी नंबर घेतला आणि तोंडावर पुस्तक धरून, बारीक आवाजात, स्वतःच “हजर” म्हणालो. वर्ग खूश झाला. सोमेश उठला. चौदाच्या बाकापाशी गेला. बाकावर पाहिलं. बाकाखाली पाहिलं. मग माझ्यापाशी आला आणि माझ्या करंगळीला चावला. फार जोरात नाही, खोटी साक्ष देणाऱ्याला जेवढं हवं तेवढं.

हे हेडसरांना कळता कामा नये. अट तुला माहीत आहे. करंगळीला पट्टी बांधून भाजी चिरताना कापलं असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. कापल्याचं सगळ्यांनी मानलं. मी भाजी चिरतो हे कुणी मानलं नाही.

अप्पासर


कोल्हापूर,
रविवार, २७ ऑक्टोबर २००२

चि. अवंतिका,

तुझं चक्क पाकिटातलं पत्र, आणि त्यात एकच प्रश्न: त्याच्या मनात माझा राग आहे का? उत्तर शेवटी देतो. आधी हजेरीचं कोडं कसं सुटलं ते ऐक, कारण त्याशिवाय उत्तर कळणार नाही.

उपाय मी काढला नाही. करंगळी सुजलेली असताना मी हजेरीच बंद करायच्या विचारात होतो. पुढच्या हजेरीत चौदा पुन्हा रिकामा गेला, तेव्हा सुष्मिता म्हणाली, “सर, तुम्ही खोटं बोलला म्हणून चावला त्यो. चौदा कुठं हाय ते सांगा की त्येला.”

“मला काय माहीत चौदा कुठं आहे?”

“मला माहिताय. आजीकडं गेलाय, राशिवड्याला. दात पडलाय आजीचा.”

सोमेशचे हात कानावर जाता जाता थांबले. “राशिवडे,” तो म्हणाला. आणि मी पंधरा पुकारला.

तेव्हापासून आमची हजेरी अशी चालते. जो आला तो हजर म्हणतो. जो नाही, त्याचं ठिकाण ज्याला माहीत असेल तो सांगतो. सात? दवाखान्यात, कान फुटलाय. एकोणीस? घरी, बहिणीला बघायला पावणं आल्यात. पंचवीस? रंकाळ्यावर, पण सर, मी सांगितलं असं सांगू नका. अख्ख्या शाळेत आपली मुलं कुठे आहेत हे फक्त पाचवी ‘ब’ला माहीत असतं. अनुपस्थितीही कमी झाली. काल कुठे होतास हे सगळ्यांपुढे वाजतं म्हटल्यावर रंकाळ्याची गोडी जाते. सोमेश प्रत्येक ठिकाण एकदा स्वतःशी म्हणतो आणि पुढच्या नंबराला मोकळा होतो.

त्याची आजी रत्नव्वा रोज त्याला सोडायला येते, गडहिंग्लजकडची, निम्मं कानडी बोलते. मी मोठ्या अभिमानाने माझा शोध तिला सांगितला. म्हटलं, घरी कधी लक्षात नाही आलं? ती म्हणाली, “यप्पा, घरात कोण गैरहजर असतंय? सगळी माज्याच डोस्क्यावर बसल्याली अस्तात.”

परवा हेडसर मुदतीचं बघायला वर्गात येऊन बसले. मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. हजेरी सुरू झाली आणि सुरळीत चालली. मग आला बावीस. बावीस नव्हता. मी वर्गाकडे पाहिलं. वर्गाने सुष्मिताकडे पाहिलं. तिने मान हलवली. कुणालाच ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची सोय उरली नव्हती. सोमेशचे हात वर निघाले. हेडसरांच्या मांडीवर त्यांची डायरी होती आणि मला ती दिसत होती.

हेडसर उठले. बाक त्यांच्या बरोबर थोडा उठला. दारात जाऊन ओरडले, “पिराजी, सायकल काढ. बावीस नंबर कुटं हाय बघून ये.” मग सोमेशकडे वळून, जगातल्या कुठल्याही पालकाशी ते बोलले नसतील इतक्या अदबीने म्हणाले, “पिराजी बघाय गेलाय.”

“पिराजी बघाय गेलाय,” सोमेश म्हणाला, आणि हात खाली आले.

तासाभराने पिराजी परतला, दारातूनच ओरडून सांगितलं, “ताप हाय. वाकळ घिऊन पडलाय.” वर्गाने टाळ्या वाजवल्या, तापाला. बाहेर पडताना हेडसर माझ्या करंगळीकडे बघत म्हणाले, “भाजी जपून चिरा, सर. ह्या वर्षापुरतं ऱ्हाऊ दे त्येला.” म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता तुझा प्रश्न. नव्या हजेरीच्या पहिल्याच दिवशी शेवटचा नंबर झाला, मी पुस्तक मिटलं, तर सोमेश म्हणाला, “बाई?”

तू गेलीस हे मुलांना माहीत होतं, कुठे ते कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत मोठी माणसं नाहीशी होतात तेव्हा कुणी मुलांना पत्ता देत नाही. त्याचे हात कानांवर गेले. मी म्हटलं, “राधानगरीला.” तो म्हणाला, “राधानगरी,” आणि खिडकीकडे वळला.

तेव्हापासून रोज शेवटी तो विचारतो आणि अख्खा वर्ग एका सुरात राधानगरी म्हणतो. तुझी परवानगी न घेता मी तुझा पत्ता इतक्या लोकांना दिला, याबद्दल हवं तर रागाव. त्याच्या मनात राग आहे का हे मला खरंच सांगता येत नाही. त्याचा चेहरा वाचायचा माझा अभ्यास अजून पहिल्या पाठावर आहे. तो विचारतो, एवढं मात्र रोज ऐकतो.

दिवाळीच्या फराळाला इकडे ये. चकल्या मी चिरणार नाही.

अप्पासर


कोल्हापूर,
रविवार, ४ मे २००३

चि. अवंतिका,

दिवाळीला आली नाहीस, संक्रांतीला नुसता तिळगूळ पाठवलास, तोही पोस्टाने चेपलेला. पुढच्या वेळी दूध पाठव, फुटलं तर निदान कळेल तरी.

सोमेश सहावीत गेला. हेडसरांनी वर्षापुरतं म्हटलं होतं, आता ते “बघू की” म्हणतात, आणि हेडसरांचं बघू की म्हणजे हो असतं. तुझ्यानंतर तो चावला फक्त मला, आणि तेही न्यायाने. कंपासपेटी दोनदा भिरकावली. गणितात सुष्मिताने त्याला मागे टाकलं नाही, त्याने तिला टाकलं, आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती, जसं काही मीच बेरजा केल्या. पिवळा खडू मी वापरायचा सोडून दिला. इतकं सगळं कळूनही तो पिवळाच का, हे मात्र मला कळलेलं नाही. कुणी सांगू नये असं वाटतं. निवृत्तीनंतर विचार करायला काहीतरी हवं.

माझी बातमी अशी की संस्थेने मला अतिरिक्त ठरवलं. शब्द चांगला आहे, विशेषणच आहे. जूनपासून नेसरीच्या शाखेत. तिथे संस्कृत घेणारी मुलं आहेत म्हणतात, पुरेशी. सोमेशला सांगितलं तर त्याने मला गडहिंग्लजहून नेसरीला जाणाऱ्या सगळ्या गाड्या वेळेसकट सांगितल्या. माझ्या बदलीचं इतकं व्यवहारी स्वागत दुसऱ्या कुणी केलं नाही. वर्गाने शेवटच्या दिवशी तालीम केली. “बाई?” राधानगरी. “सर?” नेसरी. बरं चाललं. मी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली होती.

सहावी ‘ब’ कुणाकडे जाणार हे ठरलेलं नाही. हजेरीचं मी सगळ्या शिक्षकांना समजावलं आहे. सगळे चांगले लोक आहेत, मान डोलावतात. एकाने विचारलं, “रोज एवढा वेळ हजेरीला दिला तर पोर्शन कधी संपवायचा?” हा प्रश्न चुकीचा नाही. दुसऱ्याने मला पाठीवर थाप मारली. हेडसर बाजूला घेऊन म्हणाले, “त्या पोरीचा राजीनामा मी वर पाठीवलाच न्हाय. बिनपगारी रजा लावलीय. तुमी लिवा, परत ये म्हणून.” म्हणून लिहितो आहे, पण त्यांच्यासाठी नाही.

हल्ली तू प्रत्येक पत्रात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहितेस, की ज्या हाताने मारलं त्याने पुन्हा शिकवू नये. मी आजवर त्यावर बोललो नाही. चेष्टा करत राहिलो, कारण ती मला येते. आज थोडं सरळ लिहितो.

सहावीत तासातासाला नवीन माणूस येतो. कुणीतरी घाईत असेल, एखादा नंबर रिकामा जाईल, तो ओरडेल, कुणी त्याला धरेल, तो चावेल, आणि त्या माणसाचा हात उठेल. हे मला टाळता येणार नाही, तुलाही येईल असं मी म्हणत नाही. पण नंतर काय? सोमेश घरी सांगणार नाही. गाड्यांच्या वेळा सांगेल, हे नाही. इतर मुलंही नाही सांगणार. तुझ्या वेळीही एकानेही सांगितलं नव्हतं, त्यांना तू आवडायचीस. ते कळलं कारण तास संपायच्या आत तू स्वतः हेडसरांच्या खोलीत गेलीस, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आजीला सांगितलंस. रत्नव्वाने मला त्या संध्याकाळचं सांगितलं आहे. “बाईच रडत हुत्या, मग मीच च्या करून दिला.”

हात उठलेले शिक्षक मी पुष्कळ पाहिले. स्वतः जाऊन सांगणारी एवढ्या वर्षांत तू एकटी.

मी नेसरीत असेन. त्याला कुणी मारलं तर मला कळणार नाही. त्याच्या आईला कळणार नाही, रत्नव्वाला कळणार नाही. तो दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत येईल, नंबर आला की हजर म्हणेल, आणि कुणालाच काही कळणार नाही. मला याची भीती वाटते.

अप्पासर